भिंतीवर हरित प्रमाणपत्र, कपाळावर घाम: कोल्हापुरातल्या ऑफिसातला उकाडा कमी करण्याचा योग्य क्रम

गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत किंवा शहरातलं ताराबाई पार्क, कुठेही जा. आयजीबीसी किंवा गृहा हे हरित इमारतीचं रेटिंग घेतलेल्या इमारतींत बसणाऱ्या माणसांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. पश्चिमेच्या काचेजवळ भाजतं, एसीखाली मान आखडते, जुलैत सगळीकडे कुबट वास येतो. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. आधी एसी १८ वर नेतात. मग काचेला काळी फिल्म लावतात. अंधार झाला म्हणून दिवसभर दिवे जळतात, वीजबिल फुगतं आणि तक्रारी होत्या तिथेच राहतात.

यात चुकतो तो क्रम. जे सगळ्यात शेवटी करायचं, ते आपण सगळ्यात आधी करतो. रेटिंग मुख्यतः वीज, पाणी, साहित्य आणि आराखडा पाहून मिळतं, तेही अख्ख्या इमारतीला. तुमच्या तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीला ते मिळालेलं नसतं. त्या खुर्चीपर्यंत आराम पोचवणं हे इमारत चालवणाऱ्याचं काम आहे आणि ते पुढच्या क्रमानेच करावं लागतं.

हा लेख मेंटेनन्स सांभाळणारे, एचआरवाले आणि स्वतःच सगळं पाहणारे छोटे कारखानदार यांच्यासाठी आहे. ऑफिस, ड्रॉइंग विभाग, तपासणी, पॅकिंग, हलकी जुळणी अशा जागा यात येतात. फाउंड्रीत भट्टीसमोर उभं राहणाऱ्याचा प्रश्न आरामाचा नसून सुरक्षिततेचा आहे. तिथे कामाच्या आणि विश्रांतीच्या पाळ्या, पाणी, उष्णतेपासून आडोसा हे सगळं वेगळं ठरवावं लागतं. त्या कामाला हा लेख पुरणार नाही.

## तयारी: खरेदीआधी काय गोळा करायचं

साहित्य फार लागत नाही.

- तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे साधे डिजिटल मीटर, निदान तीन.
- पृष्ठभागाचं तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे बंदुकीसारखा दिसणारा.
- कार्बन डायऑक्साइडचा मीटर. घेताना सेन्सर ‘एनडीआयआर’ प्रकारचा, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी हाच वायू मोजणारा आहे ना, हे विचारा. फार स्वस्त मीटर बऱ्याचदा दुसरेच वायू मोजून अंदाजाने आकडा दाखवतात.
- मजल्याचा नकाशा. आर्किटेक्टचाच पाहिजे असं नाही, हाताने काढलेला चालेल. पण त्यावर उत्तर दिशा, प्रत्येक खुर्चीचा क्रमांक, खिडक्या, पंखे, एसीची तोंडं आणि थर्मोस्टॅट दाखवलेले हवेत.
- अगरबत्ती, चिकटपट्टी आणि एक वही.

सगळे मीटर एकाच टेबलावर, उन्हापासून आणि एसीच्या झोतापासून दूर, तासभर ठेवा. आकड्यांत फरक दिसला तर प्रत्येक मीटरवर चिठ्ठी लावा: ‘हा अर्धा अंश जास्त दाखवतो.’ आर्द्रता तपासायची असेल तर झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ घ्या, ते ओलसर चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला आणि शेजारी मीटर ठेवून डबा बंद करा. काही तासांनी मीटरने ७५ टक्क्यांच्या आसपास दाखवलं पाहिजे.

सावधान: मोजणी पूर्ण होईपर्यंत एसी, पंखे, पडदे यांतलं काहीही बदलू नका. मोजायच्या दिवशी साहेबांनी एसी दोन अंश खाली आणला की ती वही रद्दीत गेली म्हणून समजा.

## टप्पा १: आधी माणसांना विचारा

मीटरपेक्षा हे आधी करा, कारण मीटर कुठे ठेवायचा ते माणसंच सांगतात. चिठ्ठीवर फक्त खुर्चीचा क्रमांक आणि वेळ घ्या, नाव नको. चार प्रश्न पुरतात.

1. आत्ता कसं वाटतंय? फार गार, गार, थोडं गार, ठीक, थोडं गरम, गरम, फार गरम.
2. काय हवंय? आणखी गार, असंच राहू दे, की थोडं गरम?
3. त्रास नेमका कुठे होतो? डोकं, मान, पाठ, पाय.
4. अंगावर काय आहे? अर्ध्या बाह्यांचा शर्ट, साडी, पंजाबी ड्रेस, युनिफॉर्म, वरून स्वेटर, सेफ्टी शूज.

पहिला आणि दुसरा प्रश्न एकच वाटतात, पण तसं नाही. एप्रिलमध्ये ‘थोडं गार’ लिहिणारे बरेच जण दुसऱ्या प्रश्नाला ‘असंच राहू दे’ लिहितात. त्यांना ते गार आवडतंय. तो बदलायचा मुद्दा नव्हे.

चिठ्ठ्या दिवसातून दोनदा घ्या, सकाळी साडेअकराला आणि दुपारी साडेचारला. नुकताच बाहेरून मोटरसायकलवर आलेल्या माणसाला लगेच विचारू नका, वीस मिनिटं बसू द्या. आणि सुपरवायझर शेजारी उभा असताना तर विचारूच नका, सगळी उत्तरं ‘ठीक’ येतील.

विचारताना सफाईवाल्या मावशी, कँटीनमधली मुलं आणि गेटवरचा वॉचमन यांना वगळू नका. बऱ्याच चकचकीत इमारतींत गेटवरची केबिन म्हणजे उन्हात उभा केलेला फायबरचा डबा असतो. आतल्या माणसाला बारा तास तिथेच काढायचे असतात. नकाशात ती केबिन नसेल तर आधी ती काढा.

## टप्पा २: खुर्चीवर बसून मोजा

भिंतीवरचा आकडा भिंतीचा असतो. बसलेल्या माणसासाठी मीटर जमिनीपासून सुमारे ६० सेंटीमीटरवर धरा, म्हणजे कंबरेच्या उंचीला. उभ्याने काम करणाऱ्यासाठी ११० सेंटीमीटरवर. जिथे ‘डोकं तापतं, पाय गार पडतात’ अशी तक्रार आहे, तिथे घोट्याजवळ आणि डोक्याजवळही मोजा. दोन्हींत तीन अंशांपेक्षा जास्त फरक असला तर तक्रार खरी आहे.

प्रत्येक त्रासाच्या जागी चार आकडे घ्या: हवेचं तापमान, आर्द्रता, डोक्यावरच्या छताचं तापमान, आणि सगळ्यात जवळच्या काचेचं किंवा भिंतीचं तापमान. भर दुपारी बारापेक्षा चार ते सहा ही वेळ महत्त्वाची. काँक्रीटच्या स्लॅबमधून ऊन आत झिरपायला काही तास लागतात. बाहेर ऊन उतरू लागतं तेव्हा छत आतल्या बाजूने तापलेलं असतं. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी वेगळी नोंद ठेवा. बंद इमारत त्या दिवशी सगळ्यात जास्त तापलेली असते.

सावधान: इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पत्र्यावर किंवा अॅल्युमिनियमवर चुकीचा, बहुतेक वेळा कमी आकडा दाखवतो. तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा, पाच मिनिटं थांबा आणि पट्टीवर नेम धरा. चकाकणारी फिल्म लावलेल्या काचेलाही हेच.

आता निदान करा. पुढचा सगळा खर्च यावरच ठरतो.

- छत किंवा काच हवेपेक्षा पाचेक अंशांनी किंवा जास्त गरम असेल, तर तुम्हाला पृष्ठभागाची धग लागते आहे. एसी कितीही खाली न्या, ती धग तशीच राहील. थेट टप्पा ३ वर जा.
- पृष्ठभाग आणि हवा जवळपास सारख्याच, हवाही २८-२९ च्या आत, तरी घुसमटतंय? वारा कमी आहे. टप्पा ४.
- तापमान २५, तरी अंग चिकट? दमटपणा. टप्पा ६.
- मोजमाप सगळं ठीक, पण दुपारनंतर डोकं जड? टप्पा ७. मात्र तांबडा-पांढरा ओरपून आल्यानंतरची पेंग हवेच्या माथी मारू नका.

## टप्पा ३: ऊन बाहेरच अडवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आतल्या बाजूचा पडदा उजेडाची तिरीप अडवतो, उष्णता नाही. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि तीच उष्णता खोलीत सोडतो. म्हणून आडोसा काचेच्या बाहेर हवा.

वरचा मजला असेल तर गच्चीपासून सुरुवात करा. तापलेली भिंत माणूस बराच वेळ सहन करतो, डोक्यावरचं तापलेलं छत त्याला फार लवकर खुपतं. गच्ची आधी धुऊन घ्या, भेगा आणि गळती बुजवा, मग पांढरा उष्णतारोधक लेप द्या. पैसे कमी असतील तर चुना चालतो, पण पावसाळ्यानंतर तो पुन्हा द्यावा लागतो. गळती तशीच ठेवून वर लेप मारला तर ओल आत कोंडते आणि पुढच्या वर्षी पोपडे पडतात. सोलर पॅनेल बसवायचे असतील तर खालून हवा खेळेल इतक्या उंचीवर बसवा, गच्चीला सावलीही मिळते. पत्र्याच्या शेडला पांढऱ्या लेपासोबत आतून उष्णतारोधक थर आणि वर गरम हवा निघायला वाट, दोन्ही लागतात. नुसते गरगर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवून खालच्या खिडक्या बंद ठेवल्या तर ते शोभेचेच राहतात. खालून हवा आत आली तरच वरून बाहेर जाईल.

मग पश्चिम. कोल्हापुरात मार्च ते मेच्या दुपारी खरा मारा इथून होतो. मावळतीचं ऊन आडवं येतं, त्यामुळे वरचा छज्जा कितीही रुंद केला तरी उपयोग नाही. इथे उभ्या पट्ट्या, जाळी, वेल किंवा बाहेरून सोडलेल्या बांबूच्या चिका लागतात. चीक आणि काच यांत १०-१५ सेंटीमीटर जागा सोडा, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाईल. पट्ट्यांचे ब्रॅकेट उद्यमनगरात कोणीही फॅब्रिकेटर मापाने करून देतो. पट्ट्या फिरत्या घ्या, ठाम बसवलेल्या नकोत. चिका मात्र खालूनही हुकात अडकवा. एप्रिल-मेत वळवाच्या आधी जे वारं सुटतं, त्यात सुटी चीक काचेवर आपटते. जूनच्या आत त्या गुंडाळून ठेवल्या नाहीत तर पश्चिमेच्या पावसात कुजतात.

दक्षिणेला छज्जा चांगला चालतो. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २१ मार्चला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७३ अंश वर असतो, २१ डिसेंबरला सुमारे ५० अंश. १२० सेंटीमीटर उंच खिडकीला मार्चची मध्यान्ह झाकायला जेमतेम ३६ सेंटीमीटरचा छज्जा पुरतो, फेब्रुवारीअखेरीसाठी सुमारे ५५. डिसेंबर पूर्ण झाकायचा म्हटलं तर एक मीटर लागेल, पण डिसेंबरचं ऊन अडवायचं कशाला? तेवढा खर्च पश्चिमेवर करा.

उत्तरेबद्दल एक गैरसमज. ‘उत्तरेकडून ऊन येतच नाही’ हे पुस्तकातलं वाक्य आपल्याकडे वर्षभर खरं नसतं. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीला उत्तरेकडे असतो. त्या काळात सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं. जूनपासून ढग वाचवतात, मेमध्ये कोणी वाचवत नाही. खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर उभी पट्टी पुरते.

सावधान: काळी फिल्म ऊन शोषून घेते आणि काच स्वतःच तापते, म्हणजे शेजारच्या माणसाला धग राहतेच. दुहेरी काचेवर अशी फिल्म लावल्याने काच तडकू शकते. काच बनवणाऱ्याला लेखी विचारल्याशिवाय लावू नका.

तपासणी: काम झालेली एक खिडकी आणि न झालेली शेजारची खिडकी, दोन्हींच्या काचेचं आतून तापमान दुपारी साडेचारला घ्या. ठळक फरक दिसला तरच बाकीच्या खिडक्यांची ऑर्डर द्या.

## टप्पा ४: पंखा परत आणा

नव्या ऑफिसात पंखा म्हणजे कमीपणा, असं कोणी ठरवलं कोण जाणे. अंगावरून सेकंदाला ०.८ ते १ मीटर वेगाने वारा गेला की २८ अंशांची हवा दोनेक अंशांनी कमी वाटते. त्यासाठी लागतं काय? साधा छतपंखा साधारण ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास.

बसवताना चार गोष्टी पाहा.

1. पात्यापासून छतापर्यंत किमान ३० सेंटीमीटर, आणि पात्यापासून जमिनीपर्यंत किमान २.४ मीटर. फॉल्स सीलिंगला चिकटवलेला पंखा वरची हवा ओढूच शकत नाही, नुसता आवाज करतो.
2. पंखा पार्टिशनच्या बरोबर वर नको. वारा फळीवर आपटून दोन्हीकडे वाया जातो.
3. दिवा पात्याच्या वर येऊ देऊ नका. फिरत्या सावलीने डोळे दुखतात आणि लोक पंखाच बंद करतात.
4. दोन ते चार माणसांमागे एक रेग्युलेटर. बारा पंखे एका बटणावर असले की भांडण नक्की.

वारा कुठवर पोचतो ते अगरबत्तीच्या धुराने पाहा. धूर सरळ वर गेला तर त्या खुर्चीला वारा नाही. हवा ३५ अंशांच्या पुढे गेल्यावर मात्र पंख्यावर विसंबू नका. त्वचेपेक्षा गरम हवा अंगावर मारल्याने गारवा मिळत नाही.

## टप्पा ५: आता एसीला हात लावा

आधी थर्मोस्टॅट कुठे आहे ते पाहा. उन्हाच्या भिंतीवर, झेरॉक्स मशीनवर, कपाटामागे की दारात? त्याच्या शेजारी एक मीटर आणि खोलीच्या मधल्या खुर्चीवर दुसरा मीटर दिवसभर ठेवा. दोन अंशांचा फरक आला तर तुम्ही आजवर चुकीच्या जागेचं तापमान सांभाळत होता. तो हलवायला इलेक्ट्रिशियनचा अर्धा दिवस जातो, पण पुढचे सगळे वाद त्यावर अवलंबून आहेत.

मग आकडा ठरवा. ‘२२ म्हणजे बरं’ हा आकडा आपल्या हवेचा नाही. भारतातल्या ऑफिसांतल्या माणसांना विचारून तयार झालेलं आरामाचं गणित राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्ये घेतलेलं आहे. एसी नसलेल्या, खिडक्या उघडणाऱ्या इमारतीसाठी ते असं आहे: बाहेरच्या गेल्या ३० दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणा आणि १२.८३ मिळवा. सरासरी २८ असेल तर उत्तर सुमारे २८ येतं. त्याच्या दोन-सव्वादोन अंश वर-खाली बहुतेकांना चालतं. गरजेपुरता एसी आणि एरवी खिडक्या, अशी मिश्र पद्धत असेल तर ०.२८ ने गुणून १७.८७ मिळवा. २८ च्या सरासरीला २५.७ येतं, २२.५ च्या सरासरीला २४.२. म्हणजे उन्हाळ्यात आकडा वर जातो, खाली नाही. बाहेर ३७ असताना आत २० ठेवणं म्हणजे दारातून ये-जा करणाऱ्यांना आजारी पाडणं आहे.

घरगुती एसी १ जानेवारी २०२० पासून सुरू होतानाच २४ अंशांवर लागलेले येतात. सुरुवात तिथूनच करा. पंखे चालू करून आठवड्याला एकेक अंश वर जा. २६ ला बहुतेक ऑफिसं स्थिरावतात. २७ ला तक्रारी वाढल्या तर परत २६ वर या, २२ वर नाही.

सावधान: एका आठवड्यात एकच बदल. पंखे, चिका आणि एसीचा आकडा एकाच सोमवारी बदलले तर कशाने फरक पडला ते कोणीच सांगू शकणार नाही.

झोत सरळ मानेवर येत असेल तर तापमान वाढवू नका, एसीच्या तोंडाला झोत वळवणारी पट्टी लावा किंवा खुर्ची दीड फूट सरकवा. पॅकिंगला उभ्याने खोकी उचलणारी माणसं आणि बिलं तपासायला बसलेली माणसं एकाच एसीवर असतील, तर मध्ये किमान पडदा घाला आणि पॅकिंगकडे पंखे वाढवा. उभ्याने राबणाऱ्याचं शरीर बसलेल्यापेक्षा जास्त उष्णता टाकतं. एकच आकडा दोघांना पुरणं शक्य नाही.

## टप्पा ६: जूननंतर नियम उलटे होतात

उन्हाळ्यात जे उपयोगी पडतं, तेच पावसाळ्यात घात करतं. सगळ्यात ठळक उदाहरण कूलरचं. एप्रिलच्या कोरड्या दुपारी हवा ३७ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर चांगला कूलर २५-२६ अंशांची हवा देतो. जुलैत हवा २७ आणि आर्द्रता ८५ टक्के असताना तोच कूलर जेमतेम दीड अंश उतरवतो आणि खोलीत आणखी पाणी भरतो. पावसाची झड बसली की कूलर बंद करा, टाकी रिकामी करून वाळवा. साचलेल्या पाण्यात डासांची अंडी होतात.

दुसरी चूक मोठ्या एसीची. ‘दीड टनाऐवजी दोन टन घ्या, बिनघोर’ असं सांगणारे खूप भेटतात. पावसाळ्यात उष्णता कमी आणि ओल जास्त असते. मोठा एसी पाच मिनिटांत आकडा गाठतो आणि बंद पडतो. हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार होते पण चिकट राहते, लोक आकडा आणखी खाली नेतात आणि बुरशी धरते. आकडा २५-२६ ठेवा, ‘ड्राय’ मोड वापरून पाहा, पंखा मंद ठेवा. आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे.

तिसरी चूक: एसी चालू आणि खिडकी उघडी. जुलैतल्या हवेचं दव साधारण २४ अंशांना पडतं. एसीचं तोंड त्याहून बरंच गार असतं, म्हणून त्यावर पाणी सुटतं, फॉल्स सीलिंगला डाग पडतात आणि लोक ‘स्लॅब गळतोय’ म्हणून गवंडी बोलावतात. खिडकी तरी, नाहीतर एसी तरी. ऊन नसलेल्या २५-२६ अंशांच्या दिवशी बऱ्याचदा नुसती खिडकी आणि पंखा पुरतो.

बाकी साध्या गोष्टी. छत्र्या, रेनकोट, ओले बूट यांना दाराबाहेर स्टँड. फरशी पुसायची ती सुट्टी झाल्यावर, पंखे चालू ठेवून. कपाटं आणि फाइलींचे रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला.

तपासणी: सकाळी कुलूप उघडल्यावर, काहीही चालू करण्याआधी, नाकाने वास घ्या आणि मीटर पाहा. त्या वेळची आर्द्रता रोज ७५ च्या वर असेल तर ओल भिंतीतून येते आहे. तिचा उपाय बाहेरच्या प्लास्टरवर आणि पाइपांवर आहे, एसीवर नाही.

## टप्पा ७: ताजी हवा, पण वेळ पाहून

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असतो. भरल्या खोलीत दुपारी तीनला तो १००० च्या वर जात असेल तर ताजी हवा कमी पडते आहे. बंद मीटिंग रूममध्ये तासाभरात तो किती चढतो, ते एकदा पाहाच. आधी फिल्टर धुवा, मग ताज्या हवेची झडप कोणी बंद करून ठेवली आहे का ते बघा. ‘बिल वाचवायला’ म्हणून ती बंद केलेली अनेक ठिकाणी सापडते. हवा आत घेणारं तोंड जनरेटरच्या धुराड्याजवळ किंवा पार्किंगकडे असेल तर आधी ते हलवा.

मार्च-एप्रिलमध्ये रात्रीची हवा फुकटचा एसी आहे. दुपारी ३७ असलं तरी पहाटे पारा बावीस-तेवीसवर येतो. रात्री दहा ते सकाळी सात वरची झरोक्याची तावदानं जाळी लावून उघडी ठेवा, शक्य असेल तर एक्झॉस्ट चालवा. आतला आणि बाहेरचा मीटर सकाळी सारखा आकडा दाखवू लागला की खिडक्या बंद. घड्याळापेक्षा हा नियम पाळा. जून ते सप्टेंबर हे करू नका, रात्रभर ओल आत घ्याल.

उसाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, वेगळीच अडचण. आसपासच्या शिवारात पाचट पेटवलं की काळी राख खिडकीतून थेट टेबलावर येते. त्या दिवशी खिडक्या बंद आणि फिल्टरमधून हवा. फिल्टर धुण्याचं अंतर हंगामात निम्मं करा.

## टप्पा ८: उजेड आणि आवाज

थोडक्यात सांगतो. टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड पुरतो. मोबाइलवरचं अॅप ढोबळ अंदाज देतं. स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवा, म्हणजे तिरीप ना डोळ्यांत ना पडद्यावर. आडोसा लावल्यावर खिडकीकडची रांग उजळ आणि आतली अंधारी झाली असेल, तर दिव्यांची बटणं खिडकीला समांतर रांगांनी वेगळी करा. फक्त आतली रांग लावता येते. एसी किंवा पंखा गुरगुरत असेल तर लोक तो बंद करतात आणि मग गरम होतं म्हणतात. बेअरिंग बदला.

## टप्पा ९: रिमोट कोणाकडे?

आपल्या हातात बटण आहे एवढ्यानेही माणूस थोडा उकाडा आनंदाने सोसतो. रिमोट साहेबांच्या खणात असला की २५ अंशांतही तक्रार येते. रिमोट भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा लावा, २४ ते २८ च्या बाहेर जाणार नाही अशी मर्यादा घाला आणि रोज एका माणसाकडे जबाबदारी द्या. मार्च ते जून कोट-टाय आणि जाड युनिफॉर्मची सक्ती काढा. रेक्झीनच्या खुर्च्या जाळीच्या करा, पाठीला फार फरक पडतो. गरोदर बाई, रक्तदाबाचा रुग्ण, नुकतंच आजारपणातून उठलेला माणूस यांना जागा बदलून मागायला अर्ज लिहायला लावू नका.

## टप्पा १०: फेरतपासणी

त्याच चार प्रश्नांची चिठ्ठी वर्षातून चारदा फिरवा: मार्चच्या सुरुवातीला, पाऊस लागल्यावर जूनअखेर, ऑक्टोबरच्या उन्हात आणि डिसेंबरच्या सकाळी. डिसेंबर लोक विसरतात. सकाळी पंधरा-सोळा अंशांतून आलेला माणूस उन्हाळ्याच्या सेटिंगवरच्या एसीखाली कुडकुडत बसतो. केलेला प्रत्येक बदल, तारीख आणि खुर्चीचे क्रमांक त्याच वहीत लिहा. एसीची देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराच्या बिलावर सही करण्याआधी ती वही त्याच्यासमोर उघडा.

शंभरपैकी ऐंशी चिठ्ठ्यांवर ‘थोडं गार’, ‘ठीक’ किंवा ‘थोडं गरम’ यांपैकी काही आलं तर मजल्याचं सेटिंग तिथेच थांबवा. उरलेल्या वीस जणांना टेबल फॅन द्या, झोतापासून दूरची किंवा खिडकीपासून आतली खुर्ची द्या. त्यांच्यासाठी सगळ्या मजल्याचा आकडा हलवलात तर पुढच्या वेळी वेगळ्या वीस जणांच्या चिठ्ठ्या येतील.